अक्कांच्या हौदातली चिलापी

परवा भालकीच्या एका डॉक्टरांची गाठ पडली. सुटीच्या दिवशी मोटरसायकलला गळाच्या काठ्या बांधून तळी हिंडायची त्यांना हौस आहे. मी मच्छीखात्यातून निवृत्त झालेला माणूस, हे कळल्यावर ते खुलले. म्हणाले, "मी एकही मासा घरी नेत नाही. धरतो, बघतो आणि परत सोडतो." मी विचारलं, "चिलापीसुद्धा?" तर म्हणाले, "चिलापीसुद्धा. तिलाही जीव आहेच की." याचं उत्तर नोकरीभर मी शेकडो लोकांना दिलं होतं, पण त्या दिवशी काही जीभ रेटेना. डॉक्टरांना वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. ते मोठ्यानं "येतो हं!" म्हणून निघून गेले. त्यांचं राहिलेलं उत्तर इथं लिहायला घेतलंय. जरा लांबण लागेल.

आमचं खातं काय करतं, हे माझ्या आईलासुद्धा शेवटपर्यंत नीट उमगलं नाही. छप्पन साली घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा मी शाळेत होतो. आई रोज सकाळी पंचशील म्हणायची, आणि त्यातलं पहिलंच शील जीव न मारण्याचं. पुढं मला नोकरी लागली ती नेमकी मच्छीखात्यात! आईनं विचारलं, "तू मासे मारायलास का जगवायलास?"

"जगवतो, आई. मोठे झाले की लोक मारतात."

तिनं जरा विचार केला. "मंग तुजं शील निम्मं तरी ऱ्हायलंय," म्हणाली, आणि माशाच्या कालवणाचं पातेलं माझ्यापुढं सरकवलं.

तर काम असं. माशांच्या बारीक पिल्लांना आम्ही बी म्हणतो. कटला, रोहू असल्या चांगल्या माशांचं बी केंद्रातून आणायचं आणि गावोगावच्या तळ्यांत सोडायचं. हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या नंतर आल्या. सुरुवातीला मातीचे घडे असत, आणि रस्ताभर घड्यातलं पाणी हातानं हलवत राहावं लागे, नाहीतर पिल्लं गुदमरत. हुमनाबादहून बसवकल्याणच्या बसमध्ये मी असाच मांडीत घडा धरून बसलेला असायचो. एकदा कंडक्टर आत डोकावून म्हणाला, "किती जीव हैत ह्याच्यात?" मी म्हटलं, मोजले नाहीत. "मंग तिकीट कसं फाडू?" सगळी बस हसली. माझ्या शेजारी एक वयस्क चाचा बसले होते. "लाओ साब, हात दुखताय तुमना," म्हणत त्यांनी घडा स्वतःच्या मांडीवर ओढला आणि कल्याण येईपर्यंत पाणी हलवलं. उतरताना मला बजावलं, "इनो बड़े हुए तो खबर देना, हाँ!" असल्या माणसांमुळे नोकरीचा शीण वाटला नाही.

चिलापी मात्र आमच्या खात्याचं दुखणं. ही बाहेरच्या मुलखातली मासळी. आणली तेव्हा तिचं कोण कौतुक होतं! कुठल्याही पाण्यात जगते, काहीही खाते, गरिबाच्या ताटात येईल, असं सांगत लोकांनी ती जिथं तिथं सोडली. मी नोकरीला लागलो तोवर तिचे रंग दिसायला लागले होते. मुडबीच्या एका शेतकऱ्यानं डास कमी होतील म्हणून पाहुण्यांकडच्या थोड्या चिलाप्या आपल्या विहिरीत टाकल्या. मला बोलावलं तेव्हा पोहरा टाकला की पाण्याबरोबर मासेच वर येत होते, आणि सगळे बोटभर. "साहेब, ह्यातला एक बी वाढंना आन् एक बी सरंना. मी आता पाणी पिऊ का कालवण?" असं विचारून तो कपाळाला हात लावून बसला. दाटी झाली की चिलापी वाढत नाही, पण पिल्लं काढायची थांबत नाही. शिवाय तिची पिल्लं सहसा मरत नाहीत, कारण आई त्यांना तोंडात धरून सांभाळते. त्यांची दाटी झाली की तळ्यातल्या मूळच्या माशांना खायला उरत नाही, आणि काठालगतची त्यांची अंडी-पिल्लंही चिलापी टिपते.

म्हणून आम्ही सगळ्यांना सांगायचो, चिलापी गळाला लागली तर परत सोडू नका. खा, वाटा, झाडाच्या बुडाशी पुरा, पण पाण्यात नको. हे मी बाजारात सांगितलं, चावडीवर सांगितलं. फक्त एका घरात मला ते वर्षानुवर्षं सांगता आलं नाही.

निंबर्ग्याच्या अलीकडे एक लहानसं गाव आहे. गावाला दगडी पायऱ्यांचं तळं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा धोतर नेसलेले, कपाळाला विभूती लावलेले एक गृहस्थ तांब्याची बिंदगी, म्हणजे कळशी, घेऊन तळ्यावरून लगबगीनं चालले होते. बिंदगीत काहीतरी फडफडत होतं. तळ्याचा मक्ता गावातल्या यल्लप्पा भोयाकडे. मला वाटलं, चोर सापडला. मी मागोमाग निघालो. ते एका घरात शिरले, मी दारात थांबलो. आतून बाईमाणसाचा आवाज आला, "आज कोण आलंय बगू?" मग पाण्यात हात घातल्याचा आवाज, आणि हसणं.

गृहस्थ बाहेर आले. "चोर समजून मागं आलाव का साहेब?" म्हणाले. हे गुंडप्पा मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. घर लिंगायत, मासे खाणं तर सोडाच, घरात नावही निघायचं नाही. पण त्यांच्या बायकोला, शिवम्मांना, तळ्याचा लळा. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. सून म्हणून आल्या तेव्हापासून रोज भाकरीचा चुरा घेऊन त्या पायरीवर जायच्या. मग लकवा झाला, कंबरेखालचं अंग गेलं आणि त्या बाजेला खिळल्या. मुलं गुलबर्ग्याला. अक्का दिवसभर एकच विचारायच्या, मासे आले होते का? शेवटी मास्तरांनी गळ धरला. त्याचा उलटा काटा कानशीनं घासून काढला, म्हणजे माशाला लागायला नको. ज्वारीच्या पिठाची गोळी लावायची, एक मासा धरायचा, घरी आणून अक्कांना दाखवायचा आणि परत नेऊन सोडायचा. रोजचा हाच नेम.

मी सवयीनं बाहेर ओट्यावर टेकलो होतो. आमच्या पिढीला कुठं बसायचं हे कुणी सांगावं लागत नसे. आतून हाक आली, "तम्मा, बाहीर कामून बसलास? आत ये की!" मी जात सांगितली. त्या म्हणाल्या, "मी तुजी जात इचारली का? माशाची बी इचारली न्हाई आजवर." मी आत गेलो. त्यांच्या घरच्या कपात चहा प्यालो. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, आणि तेव्हापासून मी त्या घरात तम्माच राहिलो. त्या दिवशी मी एवढंच सांगितलं, "मास्तर, तांब्याचं भांडं माशाला सोसत नाही. मातीची घागर घ्या." दुसऱ्या दिवशी कुंभाराकडून रुंद तोंडाची घागर आली.

बिंदगीत चिलापी होती, ते मी बघितलं होतं. बोललो नाही.

अक्कांना एकाच गोष्टीची हुरहुर होती. तळ्यात मरळ होती. मरळ हा आपल्या मातीतला मासा, काळा, दणकट आणि लेकुरवाळा. त्याची पिल्लं लालभडक असतात. ती घोळक्यानं पाण्यावर येतात आणि खाली आईबाप पहारा करत फिरतात. "कुंकू सांडल्यावानी दिसतंय बग," अक्का सांगायच्या. "लगीन होऊन आले, रडू आवरंना. सासूबाईनं तळ्यावर नेलं आन् ते दावलं. म्हनल्या, तिला बग, किती लेकरं सांभाळायलीय, आन् तू सोताला एकलीला सांभाळंनास?" दरवर्षी अक्का ते कुंकू बघायच्या. आता मास्तरांना विचारायच्या, "लाल पिल्लं दिसली का?" मास्तर नाही म्हणायचे. "मी चुरा टाकंना झाले, म्हनून रुसली असंल," अक्का म्हणायच्या.

मरळ का दिसत नाही, ते मी पायरीवर बसून मास्तरांना सांगितलं. मोठी मरळ चिलापीला खाते हे खरं, पण तिचीच पिल्लं उरली नाहीत तर मोठी होणार कोण? मास्तर गळाकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, "रोज घागर घेऊन निघताना ती इचारती, सोडून येता न्हवं? आल्यावर इचारती, सोडला का? चाळीस पोरांपुढं उभा ऱ्हाऊन मी खरं बोला म्हनून शिकवलं साहेब. आता ह्या वयात बायकोशी खोटं बोलू?" मी म्हटलं, मग अक्कांना खरं सांगा. ते म्हणाले, "काय सांगू? तू रोज हात लावून ज्याला घरी धाडतीस, त्यानंच तुजी मरळ घालवली म्हनून?" तिथून पुढं मी त्या घरी चहा पीत राहिलो, मास्तर चिलापी सोडत राहिले, आणि आम्ही दोघं अक्कांपासून एकच गोष्ट लपवत राहिलो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. तळं आटत आटत मधल्या डबक्यावर आलं. यल्लप्पानं डबक्यातले मासे काढायला घेतले, तेव्हा अक्कांनी मास्तरांना पाठवून त्यातल्या काही चिलाप्या घरी आणवल्या आणि खिडकीखालच्या दगडी हौदात ठेवल्या. मी गेलो तेव्हा गावच्या विहिरीवर घागरींची रांग लागलेली आणि इथं हौदात मासे फिरत होते! माझं डोकं फिरलं. "अक्का, माणसांना पाणी नाही."

"माज्या वाटणीचं देते तम्मा, दुसऱ्या कुणाचं न्हाई. मी फडक्यानं अंग पुसून घेते. आंघुळीचं पाणी त्यांचं." मग हळू आवाजात, "पाऊस पडला की त्यास्नी घरी धाडते. तसं बोलून ठेवलंय मी."

"कुणाला बोललात?"

"त्यास्नीच की."

परतताना मी कोरड्या तळ्यातून चालत आलो. चिखल भेगाळला होता. आता इथली चिलापी संपली, असं मनात आलं आणि मला चक्क बरं वाटलं. गाव पाण्यासाठी तडफडत होतं आणि खात्याचा माणूस मनातल्या मनात खूश! पण मरळीचं तसं नाही. ती वर येऊन हवा घेते आणि ओल असेल तिथं चिखलात शिरून तग धरते. कुठंतरी खाली एखादी जोडी असेल, अशी आशा होती.

पुढं पाऊस झाला. त्याच सुमारास राज्याचं नावही बदललं, म्हैसूरचं कर्नाटक झालं, आणि आम्ही कचेरीत जुने शिक्के गोळा करत बसलो. तळं अर्धं भरलं असा निरोप आला. त्या तळ्याच्या आसपास चिलापी उरली होती ती एकाच ठिकाणी, अक्कांच्या हौदात. त्या शब्दाच्या पक्क्या. मी सायकल काढली.

पोचलो तर अंगणात अक्कांची बाज उचलायची तयारी चालली होती. यल्लप्पा आणि गल्लीतले दोघं उभे होते. मास्तरांच्या हातात तीच मातीची घागर. अक्कांनी ठेवणीतलं इरकल लुगडं नेसलं होतं. "बरा आलास तम्मा," त्या म्हणाल्या. "एक माणूस कमीच पडायला होता. आज मी सोता सोडणार हाय." रस्त्यातच सांगून टाकावं, असं दर पावलाला वाटत होतं. पण बाजेचा एक पाय माझ्या खांद्यावर होता आणि वरून त्या प्रत्येक झाडाला नावानं ओळखत होत्या. एवढ्या वर्षांनी त्यांनी घराबाहेरचं आभाळ बघितलं होतं. मी खांद्यावरचा पाय सावरून चालत राहिलो.

पायरीवर बाज ठेवली. मास्तरांनी घागर त्यांच्या मांडीशी दिली. तेवढ्यात यल्लप्पानं हात केला, "अक्का, तिकडं बगा. लव्हाळ्याच्या कडंला."

पाण्यावर तळहाताएवढा लाल डाग सरकत होता. मध्येच फुटायचा, परत जुळायचा. खालून एक काळी पाठ वर आली, हवा घेतली आणि बुडाली.

"आली गं बाई!" अक्कांनी तोंडावर पदर घेतला. हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आम्ही पाचही बाप्ये इकडं तिकडं बघत उभे राहिलो. मग डोळे पुसून त्यांनी घागरीत हात घातला, आणि तो तसाच ठेवून मला विचारलं, "तम्मा, इतकी वर्सं कुटं हुती ही?"

मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. मग मी सगळं सांगितलं. चिलापी कुठली, ती काय करते, मरळीची पिल्लं का दिसेनाशी झाली, सगळं. त्या माझ्याकडे न बघता त्या लाल डागाकडे बघत ऐकत होत्या.

"आन् हे सोडले तर ती ऱ्हातील का?"

"नाही राहणार, अक्का."

"तुमाला ठावं हुतं?" हे मास्तरांना.

"व्हय."

"मंग कामून सांगितलं न्हाई?"

मास्तर म्हणाले, "तू रोज इचारत हुतीस, सोडला का म्हनून. तेवढं इचारताना तुजं तोंड बगायला पायजे हुतं तू."

घागरीत त्यांच्या बोटांभोवती मासे फिरत होते. त्यांनी दुष्काळात स्वतःचं पाणी देऊन जगवलेले मासे होते ते, आणि त्यांचं घर, ते तळ्याचं पाणी, चार हातांवर दिसत होतं. यल्लप्पानं चुळबुळ करत "मला द्या अक्का, मी बगतो त्यांचं" म्हटलं, तर त्यांनी घागर छातीशी ओढली. शेवटी खाली वाकून घागरीतच बोलल्या, "बोलले हुते मी तुमास्नी. पर जमंना झालंय. चला, घरी चला." आम्ही बाज उचलली. येताना त्यांनी एकाही झाडाचं नाव घेतलं नाही.

पुढं ते मासे हौदातच राहिले. चिलापीच ती, हौदातही पिल्लं झाली. ती जास्त झाली की यल्लप्पा परसदारानं येऊन काही घेऊन जायचा. त्या वेळी अक्का भिंतीकडे तोंड करून पडायच्या. नंतर "आज मासे कमी दिसायलेत," म्हणायच्या. मास्तरांनी गळ माळ्यावर टाकला. आता ते रोज पायरीवर नुसते जाऊन बसायचे आणि येऊन सांगायचे, आज लाल पिल्लं लव्हाळ्यात होती, आज पायरीजवळ आली. अक्का डोळे मिटून ऐकायच्या.

आज त्या तळ्यात पुन्हा चिलापी आहे, हेही सांगितलं पाहिजे. एका मोठ्या पावसात वरच्या तळ्याचं पाणी फुटून आलं आणि तिच्यासकट खाली उतरलं. अक्का तेव्हा नव्हत्या. मधली सगळी वर्षं मात्र मरळीची होती. दरवर्षी कुंकू सांडत होतं, आणि गावात नव्यानं सून आली की सासू तिला तळ्यावर नेऊन ते दाखवायची.

अक्का गेल्या ते मला आळंदच्या बाजारात यल्लप्पाकडून कळलं. मला जायला उशीर झाला होता. घराला कडी होती. तळ्याकडे बघितलं तर मास्तर पायरीवर वाकलेले, हातात तीच घागर. एकटा पडलेला माणूस, बायकोचा राहिलेला शब्द. मी "मास्तर, मास्तर!" करत पळत सुटलो. पोचेपर्यंत त्यांनी घागर उलटी केली होती.

नुसतं पाणी पडलं.

"हौदातले मासे कवाच सरले साहेब," ते म्हणाले. "हिवाळ्यात शेवटचा गेला. तिनं जाताना सांगितलंतं, मासे न्हाई तर न्हाई, त्यांचं पाणी तरी घरी पोचवा. बोलून बसले हुते मी."

मी त्यांच्याशेजारी बसलो. खात्यात एवढी वर्षं काढलेला माणूस, नजर आपोआप घागरीकडे गेली. एखादं बारीक पिल्लू तळाशी चिकटलं नसेल ना? घागरीच्या तोंडाला इरकल लुगड्याचा तुकडा बांधलेला होता, अजून ओला. मी का बघतोय ते मास्तरांना कळलं. त्यांनी घागर माझ्या मांडीवर ठेवली.

"बगा की," म्हणाले. "तिच्याच लुगड्यातनं दोनदा गाळून आणलंय."